चवडा दुखणे : कारणे, ओळख आणि उपाय

तळव्याचा पुढचा, बोटांच्या लगेच मागे असलेला गादीसारखा भाग म्हणजे चवडा. उंच फळीवरचा डबा काढताना टाच उचलून ज्या भागावर आपण उभे राहतो, तोच हा. उभे राहताना, चालताना किंवा धावताना या भागात होणाऱ्या वेदनेला वैद्यकीय भाषेत ‘मेटाटार्साल्जिया’ म्हणतात. हे नाव अवघड वाटले तरी त्याचा अर्थ ‘मेटाटार्सल हाडांच्या जागी दुखणे’ एवढाच आहे. ‘ताप’ हे जसे लक्षणाचे नाव आहे, तसेच हेही. त्यामागचे कारण वेगळे शोधावे लागते.

बऱ्याच जणांमध्ये हे कारण साधे असते. चवड्याच्या एखाद्या जागेवर पेलवेल त्यापेक्षा जास्त भार पडत असतो. पादत्राणे बदलली, पोटरीचे व्यायाम केले आणि पायाला काही दिवस उसंत दिली की असे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. मात्र हाडाला गेलेली बारीक चीर, संधिवाताची सुरुवात किंवा मधुमेहामुळे होऊ घातलेली जखम यांची जागाही हाच चवडा असतो. त्यामुळे तेल लावून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन महिनोन्‌महिने ढकलत राहण्यापेक्षा नेमके कुठे, कधी आणि कसे दुखते हे पाहणे महत्त्वाचे आहे.

चवड्याची रचना

प्रत्येक पावलात २६ हाडे असतात. त्यांपैकी पावलाच्या मध्यापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारी पाच लांब हाडे म्हणजे मेटाटार्सल. त्यांची पुढची गोल टोके चवड्यात जमिनीच्या बाजूला असतात. अंगठ्यामागचे पहिले हाड सर्वांत जाड असते आणि त्याच्या टोकाखाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडे असतात. त्यांना सेसमॉइड म्हणतात. या सगळ्या टोकांखाली चरबीची जाड गादी असते आणि दोन-दोन हाडांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा जातात.

स्वस्थ उभे असताना शरीराचा निम्म्याहून अधिक भार टाचेवर असतो. चालताना मात्र पाऊल आधी टाचेवर पडते, मग पूर्ण टेकते आणि शेवटी टाच उचलली जाते. त्या क्षणी सगळा भार चवड्यावर येतो. चालताना पायावर येणारा जोर शरीराच्या वजनापेक्षा थोडा अधिक असतो, तर धावताना तो दोन-तीन पट होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या पायावर धावताना प्रत्येक पावलाला १२० किलो किंवा त्याहून अधिक जोर येतो.

या भाराचा मोठा वाटा पहिल्या हाडाने उचलावा अशी पायाची रचना आहे. अंगठा वाकडा झाला, कडक झाला किंवा नीट टेकेनासा झाला की तो वाटा शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर जातो. ही हाडे बारीक असल्याने तिथे दुखू लागते आणि कातडी जाड होऊन घट्टा पडतो. त्यामुळे घट्टा नेमका कुठे पडला आहे हे पाहिले तरी जास्त भार कुठे येतो याचा अंदाज येतो.

भार का वाढतो?

- उंच टाचेची पादत्राणे : टाच जितकी उंच, तितका भार पुढे सरकतो.
- पुढे निमुळती पादत्राणे : बोटे एकमेकांवर दाबली जातात, हाडांमधल्या नसाही चिमटतात.
- पातळ किंवा झिजलेला तळ : कोल्हापुरी चप्पल बोटांना आवळत नाही, पण तिचा सपाट चामडी तळ धक्का फारसा शोषत नाही. घरात दिवसभर फरशीवर अनवाणी वावरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.
- आखडलेली पोटरी : पोटरी ताठ असेल तर चालताना टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. हे कारण सर्रास आढळते आणि तितकेच सर्रास दुर्लक्षिले जाते.
- वय : वाढत्या वयात चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते किंवा पुढे सरकते. ‘खडे टोचल्यासारखे वाटते’ ही ज्येष्ठांची तक्रार बहुधा यामुळे असते.
- वाढलेले वजन.
- अचानक वाढवलेले श्रम : एरवी फारसे न चालणाऱ्यांनी आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वारी तयारीशिवाय सुरू करणे, किंवा भरतीची तारीख जाहीर होताच रोज डांबरी रस्त्यावर धावू लागणे.

कुठे दुखते यावरून काय ओळखावे?

दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाखाली

उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर जळजळ किंवा ठणका आणि बसल्यावर आराम, हे भारामुळे होणाऱ्या दुखण्याचे नेहमीचे चित्र आहे. तळव्यावर त्या जागी घट्टा असतो.

दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सूज असेल, बोट हळूहळू वर उचलले जात असेल किंवा अंगठ्याकडे कलत असेल, तर सांध्याखालचा मजबूत पट्टा ताणला किंवा फाटलेला असू शकतो. याकडे लवकर लक्ष दिले तर बोट चिकटपट्टीने सरळ बांधून ठेवणे आणि योग्य बूट यांवर भागण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर बोट अंगठ्यावर चढते.

किशोरवयीन मुलींमध्ये दुसऱ्या हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होऊन तिथले हाड खचू शकते. अमेरिकन शल्यचिकित्सक अल्बर्ट फ्रायबर्ग यांनी १९१४ मध्ये याचे वर्णन केले आणि हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खेळणाऱ्या मुलीचा चवडा काही आठवडे दुखत राहिला तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता एक्स-रे काढावा.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये

बुटात खडा गेल्यासारखे किंवा मोजा गोळा झाल्यासारखे वाटणे, चालताना अचानक विजेसारखी कळ येणे, दोन बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येणे आणि बूट काढून पाय चोळला की बरे वाटणे ही ‘मॉर्टन न्यूरोमा’ची लक्षणे आहेत. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले. त्याआधी, १८४५ मध्ये, लंडनमध्ये पायांवर उपचार करणारे लुई डर्लाकर यांनीही त्याची नोंद केली होती. नावात ‘न्यूरोमा’ असला तरी ही कर्करोगाची गाठ नव्हे. हाडांमध्ये सतत चिमटल्यामुळे नसेभोवतालचे आवरण जाड झालेले असते. स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो.

अंगठ्याच्या मुळाशी

इथे चार वेगवेगळी दुखणी होतात. अंगठा इतर बोटांकडे झुकून त्याच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला उंचवटा आला असेल तर ते ‘बुनियन’. सांधा झिजून अंगठा वर वळेनासा झाला असेल, तर चालताना पाऊल उचलतेवेळी सांध्याच्या वरच्या बाजूला दुखते. तळव्याच्या बाजूला नेमके अंगठ्याखाली दुखत असेल तर सेसमॉइड हाडांना इजा झालेली असू शकते. नाचणाऱ्यांमध्ये आणि धावणाऱ्यांमध्ये ती आढळते.

रात्री झोपेतून जाग येईल इतक्या तीव्रतेने अंगठ्याचा सांधा अचानक दुखू लागला, लाल आणि गरम झाला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर गाऊटची शंका घ्यावी. यात युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. दुखणे ऐन भरात असताना रक्तातील युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल येते. त्यामुळे एकाच तपासणीवरून गाऊट नाही असे ठरवता येत नाही.

पावलाच्या वरच्या बाजूला, हाडावर नेमक्या एका जागी

एका बोटाने दाबता येईल एवढ्या जागी दुखत असेल, वर थोडी सूज असेल आणि हे दुखणे श्रम वाढवल्यानंतर सुरू झाले असेल, तर हाडाला चीर गेलेली असू शकते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले, पण कारण कळत नव्हते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९७ मध्ये ही सूज मेटाटार्सल हाड मोडल्याने येते हे स्पष्ट झाले. आजही याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडाला ते अधिक होते.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी थोड्या दिवसांत खूप सराव करणाऱ्या तरुणांना हा धोका असतो. पोटभर न खाता धावणे, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलींमध्ये पाळी अनियमित होणे यांमुळे हाड अधिक लवकर दगावते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ म्हणून धावणे सुरूच ठेवले तर चीर वाढून हाड पूर्ण मोडू शकते आणि भरतीचा पूर्ण हंगाम हातचा जातो. शंका असल्यास धावणे थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे किंवा आधीच एमआरआय करावा. वेळीच थांबल्यास हाड बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते.

दोन्ही पायांत, अनेक बोटांच्या मुळाशी

सकाळी पहिली पावले टाकताना दोन्ही चवडे दुखणे, अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ सांधे ताठ असणे आणि सोबत हातांची बोटेही सुजणे ही आमवाताची सुरुवात असू शकते. काही जणांत आमवात आधी पायातच दिसतो. लवकर औषधे सुरू केली तर सांध्यांची हानी बऱ्याच अंशी टळते. म्हणून इथे चप्पल बदलून वाट पाहणे योग्य नाही.

कातडीतच

कुरूप आणि तळव्यावरची चामखीळ यांत नेहमी गल्लत होते. कुरूप सरळ दाबल्यावर दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते आणि तिचा वरचा थर निघाला की काळे ठिपके दिसतात. कुरूप भारामुळे होते, तर चामखीळ विषाणूमुळे. म्हणून दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

घरी करण्याचे उपाय

१. भार कमी करा. धावणे, उड्या, दोरी, टाच उचलून करायचे व्यायाम आणि चवड्यांवर उकिडवे बसणे दोन-तीन आठवडे बंद ठेवावे. पूर्ण अंथरुणात पडून राहण्याची गरज नसते. सायकल किंवा पोहणे चालते.

२. शेक. दिवसभराच्या श्रमानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. पायाला बधिरपणा असलेल्यांनी गरम किंवा थंड कोणताही शेक घेऊ नये.

३. पादत्राणे तपासा. कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिलीने रेघ मारावी आणि त्यावर आपला बूट ठेवावा. रेघ बुटाच्या बाहेर डोकावत असेल तर तो बूट बोटांना दाबतो आहे. नवीन बूट संध्याकाळी घ्यावा, कारण तोवर पाऊल थोडे सुजलेले असते. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच तीन-चार सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. तळ जाड असावा आणि बूट बोटांच्या जागी वाकावा. मधोमध घडी पडणारा बूट चवड्याला आधार देत नाही. घरात फरशीवर वावरताना मऊ, जाड तळाची वेगळी चप्पल वापरावी.

४. पॅड योग्य जागी लावा. औषधाच्या दुकानात मिळणारे मेटाटार्सल पॅड बरेच जण दुखऱ्या जागेखालीच लावतात आणि दुखणे वाढते. पॅड दुखऱ्या जागेच्या थोडे मागे, टाचेच्या बाजूला असावे. म्हणजे ते हाडाला मागून उचलते आणि टोकावरचा भार हलका होतो. जागा शोधायची सोपी रीत आहे. दुखऱ्या जागी लिपस्टिक किंवा ओले कुंकू लावून बुटातल्या सुट्या तळावर पाय दाबावा आणि उमटलेल्या ठिपक्याच्या लगेच मागे पॅड चिकटवावे.

५. पोटरीचा ताण. भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात भिंतीवर टेकावेत. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पुढे झुकावे. ताण पोटरीत जाणवला पाहिजे, चवड्यात नाही. ३० सेकंद थांबावे आणि असे तीनदा करावे. मग मागचा गुडघा किंचित वाकवून तेच पुन्हा करावे. हा व्यायाम दिवसातून दोन वेळा करावा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

६. बोटांचे व्यायाम. खुर्चीत बसून जमिनीवर पसरलेले फडके बोटांनी जवळ ओढावे. बोटे एकमेकांपासून फाकवून पाच सेकंद धरावीत.

७. गोळ्या जपून. थोड्या दिवसांसाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे जेल पुरते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुखणे थांबल्यावर पूर्वीचा सराव एकदम सुरू करू नये. आधी चालणे, मग चालणे आणि धावणे आलटून पालटून, मग सलग धावणे असा क्रम ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चवडा दुखला तर आदल्या दिवशीचे श्रम जास्त झाले असे समजून एक पायरी मागे यावे.

काय करू नये?

ब्लेडने कुरूप कापू नये. हाडाला चीर गेल्याची शंका असताना पाय जोरात रगडून घेऊ नये आणि हाड ‘बसवून’ घेण्याच्या फंदात पडू नये. कुरूपावर लावायच्या पट्ट्यांमध्ये कातडी विरघळवणारे सॅलिसिलिक ॲसिड असते. ते आजूबाजूची चांगली कातडीही जाळते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी अशा पट्ट्या मुळीच वापरू नयेत.

मधुमेह असेल तर

मधुमेहात नसा कमकुवत होऊन पायाची संवेदना कमी होऊ शकते. मग चवड्यावर भार तसाच पडत राहतो, पण दुखत मात्र नाही. कातडी जाड होते, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि एक दिवस मोज्यावर डाग दिसतो. तोवर जखम खोल गेलेली असते. या जखमा मेटाटार्सल हाडांच्या टोकांखाली म्हणजे चवड्यातच मोठ्या प्रमाणावर होतात.

ही गोष्ट समजण्यात भारतात झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. पायाचे मांस रोगामुळे आपोआप झडत नाही, वेदना न कळल्यामुळे वारंवार दाब आणि इजा होऊन जखमा होतात, हे त्यांनी दाखवून दिले. हेच तत्त्व पुढे मधुमेहींच्या पायांनाही लागू झाले. अशा पायांसाठी भारतात मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे ‘एमसीआर’ चपला वापरल्या जातात.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये, देवळातही मोजे घालावेत. उन्हात तापलेल्या फरशीवर पाय भाजल्याचे कळतही नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही. पूर्वी दुखणारा चवडा मधुमेहात आपोआप दुखायचा थांबला तर ती आनंदाची बातमी असेलच असे नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

त्याच दिवशी :
- मधुमेह असून पायाला जखम, फोड, काळा डाग, सूज किंवा लाली असेल तर, मग दुखत असो वा नसो.
- पाय लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल तर.
- पाऊल टेकता येत नसेल किंवा मार लागल्यानंतर आकार बदलला असेल तर.
- पाऊल अचानक थंड, पांढरे किंवा निळसर पडले तर.

काही दिवसांत :
- हाडावर नेमक्या एका जागी दुखत असेल तर.
- बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर.
- दोन्ही पायांचे सांधे सकाळी ताठ होत असतील तर.
- बोटाची ठेवण बदलत असेल तर.
- वरील उपाय नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर.

तपासणी आणि पुढचे उपचार

डॉक्टर पाय उभे राहून आणि बसून पाहतात, चाल बघतात आणि वापरातली पादत्राणेही पाहतात. म्हणून जाताना रोजची चप्पल किंवा बूट घालूनच जावे, कारण तळ कुठे झिजला आहे यावरून बरेच कळते. एक्स-रे शक्यतो उभे राहून काढतात. नस किंवा सांध्याखालचा पट्टा पाहण्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकतो. संधिवात किंवा गाऊटच्या शंकेसाठी रक्ततपासणी करतात.

मॉर्टन न्यूरोमात रुंद बूट आणि पॅड यांनी आराम न पडल्यास स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. ते वारंवार घेतल्यास चवड्याची चरबी पातळ होऊ शकते, त्यामुळे त्याला मर्यादा असते. शेवटचा मार्ग म्हणून नस काढून टाकतात. त्यानंतर दोन बोटांच्या मधला भाग कायमचा बधिर राहतो, हे आधी माहीत असावे. बुनियन किंवा वाकड्या बोटांवरची शस्त्रक्रिया दुखण्यासाठी करतात, केवळ दिसण्यासाठी करणे योग्य नाही. त्यानंतर पाय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात.

शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याची वेळ मोजक्यांवरच येते. बाकीच्यांसाठी रुंद आणि जाड तळाची पादत्राणे, योग्य जागी लावलेले पॅड, मोकळी पोटरी आणि हळूहळू वाढवलेले श्रम एवढे बहुधा पुरेसे ठरते. मात्र त्याआधी आपले दुखणे तातडीने दाखवण्याच्या यादीतले नाही, याची खात्री करून घ्यावी.